पडण्याचे नमुने

भांड्यांच्या जाळीतला चमचा आपणहून घसरला आणि सिंकमध्ये खणकन पडला. तिनं श्वास रोखून धरला. आतल्या खोलीत भिंगरी आत्ताच कुठे झोपली होती, पाऊण तास थोपटून घेतल्यावर, आणि तिची झोप म्हणजे कान उघडे ठेवून घेतलेली झोप. कूस बदलल्याची चादरीची सळसळ आली, एक लांब उसासा आला, आणि मग काहीच नाही. हुश्श. भिंगरी हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. जागी असली की एका जागी ठरत नाही म्हणून बापानं ठेवलेलं. चार वर्षांची पोर आणि तिच्या दुपारच्या झोपेवर आईची अख्खी कारकीर्द उभी, हे कुणाला सांगितलं तर हसतील. पण होतं तसंच. जेवणाचं टेबल पुसून, त्यावरची रंगाची पेटी बाजूला सारून, लॅपटॉप उघडला की ऑफिस सुरू. लॅपटॉपच्या पडद्यावर सहा सेकंदांची एक क्लिप यायची. खाली तीन बटणं: पडणे, न पडणे, संदिग्ध. कुणीतरी खोलीत चालतंय, वाकतंय, खुर्चीत बसतंय किंवा कोसळतंय. तिनं बघायचं आणि बटण दाबायचं. असे हजारो नमुने गिळून एक यंत्र शिकणार होतं की म्हातारी माणसं कशी पडतात, म्हणजे मग ते यंत्र त्यांच्या छतावर बसून त्यांच्यावर नजर ठेवणार आणि पडली की मुलांच्या फोनवर घंटी वाजवणार. तिला वाईट वाटायचं ते यंत्राबद्दल. बिचारं काय शिकतंय आणि कुणाकडून! कारण क्लिपांमधली माणसं म्हातारी नव्हतीच. पंचविशीतली पोरं, खांद्यावर शाल टाकून, कमरेत वाकून, जाड गादीवर बेतानं पडायची. पडायच्या आधी गादी कुठे आहे ते हळूच बघून घ्यायची. सुरुवातीला तिनं हे टिप्पणी म्हणून लिहून पाठवलं होतं. उत्तर आलं होतं, 'आपल्या कामात टिप्पणीचा रकाना नाही. धन्यवाद.'

ती पुढची क्लिप बघायला वळली आणि हात माऊसवर तसाच राहिला. खिडकीचा तो पट्ट्यांचा पडदा. उजवीकडून तिसरी पट्टी मोडून लोंबकळलेली, आणि तिच्यामागून दिसणारा समोरच्या इमारतीचा जिना. निळी गादी, तिच्या कोपऱ्याला पांढरी चिकटपट्टी. चिकटपट्टी तिनंच लावली होती, शिकत असताना, फाटलं होतं म्हणून. राखाडी शाल घेतलेली एक बाई डावीकडून आली, चेहरा नियमाप्रमाणे पुसट केलेला, चार पावलं चालली आणि पडली. बाकी सगळे हात पुढे टाकतात. हिनं नाही टाकले. एक हात बाजूला हवेत राहिला, दुसरा पोटावर. वर लाल अक्षरांत सूचना होती: 'हा नमुना वादग्रस्त. आधीच्या तीन तपासनिसांचे मत वेगवेगळे. कृपया नीट पाहा.' नीट पाहा! ती पाहतच होती. चपला तिच्या होत्या. शाल सासूबाईंची. ती ह्या चौकटीत स्वतःच पडत होती, आणि तीन अनोळखी माणसांना ती पडली की नाही ह्यावर एकमत करता आलं नव्हतं.

तो हात तिथे का होता ते जगात तिला एकटीला माहीत होतं. तिनं ते नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. तिनं क्लिप पुन्हा लावली. पुन्हा पडली. मग लॅपटॉपचं झाकण अर्धं खाली केलं, पाणी प्यायली, आणि तिच्या लक्षात आलं की आपल्याला रडू येत नाहीये, आपण संतापलोय. काय हिंमत! तिची पदवी, तिची दोन वर्षं, तिचा प्रबंध कुठल्याशा कपाटात धूळ खात पडलाय, आणि त्यातलं एवढंच कुणाच्या कामाला आलं, गादीवर पडलेलं तिचं शरीर. तेही तिच्याकडूनच तपासून घेताहेत, नगावर पैसे देऊन.

पुलावरची पदवी, असं तेव्हा सगळे म्हणायचे. दोन इमारती होत्या, एक अभियांत्रिकीची आणि एक वैद्यकाची, आणि तिसऱ्या मजल्यावर त्यांना जोडणारा बंदिस्त काचेचा पूल होता. त्या पुलावर प्लायवूडच्या भिंती घालून त्यांचा विभाग थाटलेला. नवं शास्त्र, दोन शास्त्रांच्या मधलं, उद्याचं. प्रत्यक्षात दोन्हीकडची माणसं हातात चहाचा कप घेऊन त्यांच्या वर्गाच्या कडेनं ये-जा करायची, कारण तोच जवळचा रस्ता होता, आणि फळ्यावर काय लिहिलंय ते जाता जाता वाचून भुवया उंचावायची. तिला मात्र तो पूल आवडायचा. खाली जमीन नाही, दोन्ही बाजूंनी उजेड, आणि आपण अशा ठिकाणी उभे जिथून दोन्हीकडचं दिसतं. तिचे वडील एकदा बघायला आले होते. आयुष्यभर नकाशे काढण्याचं काम केलेला माणूस, काचेला हात लावून म्हणाले, "छान आहे गं. पण पुलावर कुणाचा पत्ता नसतो, बरं का." ती चिडली होती. "बाबा, तुम्हाला ना, प्रत्येक गोष्टीत खोट दिसते." ते हसले होते. पुढे तिला एक गोष्ट उमगली, फार उशिरा. पुलावर शिकवणाऱ्या प्रत्येकाची खुर्ची ह्या नाहीतर त्या इमारतीत पक्की होती. पुलावरचा विभाग चालवणारे तिचे सर स्वतः यंत्र विभागाचे, तिथे त्यांच्या नावाची पितळी पाटी. पुलाचे असे फक्त विद्यार्थी होते.

तरी तिनं काम मनापासून केलं होतं, खोटं कशाला बोला. म्हातारी माणसं पडायच्या आधी कशी चालतात, हा तिचा विषय. जमिनीवर अंथरायची एक चटई तिनं बनवली होती, पावलाचा भार टिपणारी. तिच्यावर चालायला रोज सकाळी एक निवृत्त मास्तरीणबाई यायच्या, ऐंशीच्या घरातल्या, इस्त्रीचे कपडे, चष्म्याला साखळी. पहिले पंधरा दिवस चटईवर त्या इतक्या ताठ चालायच्या की नोंदी बघून वाटावं, ह्यांना कसला धोका. मग एक दिवस त्याच म्हणाल्या, "तू बघत असलीस ना, की मी नीट चालते. चाळीस वर्षं पोरांसमोर चाललेय मी. कुणी बघतंय म्हटलं की पाठ सरळ होते. तू तिकडे तोंड करून बस बरं." तेव्हापासून ती स्टूल घेऊन भिंतीकडे तोंड करून बसायची आणि नुसतं ऐकायची. टाच, चवडा, टाच, चवडा. मग मध्येच एक घासटलेलं पाऊल. महिन्याभरात तिला चटईच्याही आधी कळायला लागलं होतं, आज गुडघा दुखतोय, आज झोप झालेली नाही. आणि एका सकाळी पाठीमागे पावलं थांबली, आवाज काहीच झाला नाही, ती वळली तर मास्तरीणबाई जमिनीवर. एखादा शब्द आठवता आठवता विसरून जावा तशा अगदी गुपचूप खाली आल्या होत्या. डावा हात वर धरलेला आणि त्यात चष्मा, शाबूत. "चष्मा वाचला," म्हणाल्या, आणि हाताचं मनगट मोडलं होतं ते दुसऱ्या हाताचं. तिनं प्रबंधात लिहिलं होतं, माणूस पडताना स्वतःला सावरत नाही, हातातलं वाचवतो. सरांनी त्या वाक्याखाली लाल रेघ मारली होती. 'काव्य नको. आकडे द्या.'

आकड्यांसाठी म्हणूनच तर ती गादी आली. खऱ्या म्हाताऱ्यांना पाडता येत नाही, आणि यंत्राला तर पडणं हवं. तेव्हा सरांनी वर्गाला सांगितलं, प्रत्येकानं तीस वेळा पडायचं, शाल घेऊन. मुलांनी खूप मजा केली. "आजोबा, जरा जपून!" असं ओरडत एकमेकांना ढकललं. तिची पाळी आली त्या दिवशी ती म्हणाली होती, "सर, मी नंतर पडले तर चालेल?" सर घड्याळ बघत म्हणाले, "अगं, नंतर कधी? निकाल पाठवायचाय. तुझाच विषय आणि तूच मागे?" वर्ग हसला होता. ती पडली होती. तीस वेळा.

त्यानंतर काय झालं ते एका दमात सांगता येण्यासारखं होतं, आणि नोकरीच्या मुलाखतींत तिला ते एका दमातच सांगायला लावायचे. इस्पितळात विचारलं, यंत्रं दुरुस्त करता येतात का? नाही, मी माणसांचं चालणं वाचते. बरं, मग तुम्ही डॉक्टर? नाही. कंपनीत विचारलं, प्रोग्रामिंग किती वर्षं? दोन. बाकीचा वेळ काय केलंत? मास्तरीणबाईंची पावलं ऐकली, हे ओठांवर आलं आणि तिथेच थांबलं. अर्जाच्या प्रत्येक फॉर्मवर शाखा निवडायची यादी असायची, यंत्र, विद्युत, स्थापत्य, वैद्यक, आणि सगळ्यात तळाला 'इतर'. चार वर्षं ती 'इतर' होती. एका ठिकाणी मुलाखत घेणाऱ्या तिघांपैकी एकानं तर सरळच विचारलं, "मूल किती महिन्यांचं? सांभाळायला कोण?" ती म्हणाली, "तुमच्या मुलांना कोण सांभाळतं?" झालं. खुर्च्या सरकल्या, धन्यवाद, कळवतो. घरी आल्यावर नवरा म्हणाला होता, "बाईसाहेब, तुमची जीभ वेगळ्या शाखेची आहे, तिला आधी नोकरी लावा." तेव्हा दोघं हसले होते. अलीकडे तो विनोद करत नाही. आज सकाळी बूट घालता घालता त्यानं एवढंच म्हटलं, "चार वाजता काय ते गोड बोलून घे. सरांच्या ओळखीनं काही जमलं तर एकदा आत शिर, मग भांड हवं तितकं."

चार वाजता. विभागानं नव्या विद्यार्थ्यांसाठी ऑनलाइन कार्यक्रम ठेवला होता, 'पदवीनंतरच्या वाटा'. चार माजी विद्यार्थी, प्रत्येकी दहा मिनिटं. पत्रकावर तिचा जुना फोटो होता, प्लायवूडच्या भिंतीपुढे हसणारा, आणि खाली लिहिलं होतं: प्रमुख संशोधक, कृत्रिम बुद्धिमत्ता. ती ते वाचून आधी गोंधळली होती, आपल्या नावाची दुसरी कुणी आहे की काय. साडेतीनला फोन थरथरला. सरच. ती स्वयंपाकघरात गेली, दार ओढून घेतलं.

"काय गं, तयारी झाली?"

"हो सर."

"फार खोलात जाऊ नकोस. पालकही ऐकणार आहेत. ते घाबरलेले असतात, ह्या पदवीचं पुढे काय म्हणून. वाटा सांग. कुठे कुठे जाता येतं."

"सर, मी कुठे गेले?"

ते मोकळेपणानं हसले. "तुझा तिरकेपणा काही गेला नाही."

"मला प्रमुख संशोधक लिहिलंय तुम्ही."

"मग? नमुने तपासतेस ना? तपासणं म्हणजे संशोधनच. शब्दांत काय अडकायचं."

"आज माझ्यापुढे आपल्या गादीवरची क्लिप आली. माझीच. ती त्यांच्याकडे कशी गेली, सर?"

"अगं, करार आहे त्यांच्याशी. तुम्ही सगळ्यांनी संमतीपत्रावर सह्या केल्यात."

"आपल्या प्रकल्पापुरत्या. आणि ते नमुने खोटे आहेत, मी तेव्हाही म्हटलं होतं. म्हातारी माणसं अशी पडत नाहीत. उद्या कुणाची तरी आई गुपचूप खाली येईल आणि तुमचं यंत्र छतावरून बघत बसेल."

"हे बघ, बाळ." सरांचा आवाज मऊ झाला. तो मऊ आवाज तिच्या ओळखीचा होता. "प्रयोगशाळेच्या समन्वयकाची जागा निघतेय. पक्की. अर्ज माझ्याच टेबलावर येणार. माझ्या डोळ्यासमोर एकच नाव आहे. आज जरा हसून बोल, एवढंच सांगतो."

फोन ठेवल्यावर ती ओट्याला टेकून उभी राहिली. तिला ती जागा हवी होती. कुणी तिला विचारलं असतं तर तिनं लाज न बाळगता सांगितलं असतं, हवीय, फार हवीय. आवारात पाळणाघर आहे. बंद करता येईल असं दार असलेली खोली आहे. कपाटात गुंडाळून ठेवलेली तिची चटई आहे. ती पुन्हा अंथरता येईल, कुणाला तरी चालायला बोलावता येईल, भिंतीकडे तोंड करून बसता येईल. आणि त्यासाठी करायचं काय, तर दहा मिनिटं हसायचं. वाटा सांगायच्या. पलीकडे ती पोरं बसलेली असतील, तिच्यासारखीच, दोन्हीकडचं दिसतं म्हणून हरखलेली, आणि त्यांच्या मागे आईबाप, डोळ्यांत जीव आणून विचारणारे, पुढे काय हो? त्यांना तिनं तिचा तो हसरा फोटो विकायचा. तिनं आरशात न बघताच केस सारखे केले, चांगला कुर्ता अंगात घातला, भिंगरीच्या अंगावरची चादर सारखी केली. पोरीच्या मुठीत रंगाचा खडू होता, झोपेतही सोडलेला नव्हता. तिनं त्या मुठीवर ओठ टेकवले आणि दार लोटून घेतलं.

आधीचा मुलगा झकास बोलला. तो कुणा मामाच्या कारखान्यात लागला होता, मामाचं नाव न घेता जिद्द, चिकाटी असं बोलला. मग सरांनी तिची ओळख करून दिली, आमची सर्वांत गुणी विद्यार्थिनी, आणि पडद्यावर तिचा फोटो आला, खाली ती उपाधी. ती हसली. मनात बांधलेलं पहिलं वाक्य म्हटलं, "ह्या पदवीनं मला दोन बाजूंनी बघायला शिकवलं." ते खरंच होतं. दुसरंही वाक्य तयार होतं, तिसरंही. पण समोरच्या छोट्या छोट्या चौकटींत एक मुलगी दिसली, मागे तिची आई खुर्ची ओढून बसलेली, आणि ती आई वहीत लिहून घेत होती. प्रमुख संशोधक, असंच लिहून घेत असणार, त्याखाली रेघ मारून. तिनं पुढचं गोड वाक्य सोडून दिलं.

"एक दुरुस्ती करते," ती म्हणाली. "मी प्रमुख संशोधक नाही. मी घरी जेवणाच्या टेबलाशी बसून तीन बटणं दाबते. माझी मुलगी झोपली असेल तेवढा वेळ." आणि मग ते थांबेचना. तिनं पुलाबद्दल सांगितलं, खुर्च्या कुणाच्या आणि कुठे ते सांगितलं. 'इतर' सांगितलं. "तुम्ही काम वाईट आहे म्हणून जाऊ नका असं मी म्हणत नाहीये," ती म्हणाली, "काम फार सुंदर आहे हो. म्हणूनच विचारा. तुमच्या फळ्यावर जे वाटा काढून दाखवतील, त्यांना विचारा, ह्या वाटेनं गेलेलं कोण, त्याला समोर आणा, तो काय करतो ते त्याच्या तोंडून ऐकू द्या." मास्तरीणबाईंचा चष्मा तिनं सांगितला. मग गादी. तिचा आवाज चढला होता, झोपलेल्या पोरीचं भान सुटलं होतं. "आज मला एक क्लिप आली. वादग्रस्त. त्या बाईनं हात पुढे टाकला नाही म्हणून कुणाला ते पडणं वाटत नाही. ती मी आहे. माझा हात पोटावर होता, कारण माझ्या पोटात अकरा आठवड्यांचं मूल होतं. कुणाला सांगितलं नव्हतं, मला प्रकल्पातून काढतील म्हणून. तीस वेळा पडले मी. तुमच्या सगळ्या ढिगात खरं पडणं असेल तर तेवढं एक आहे, आणि त्याला तुम्ही संदिग्ध म्हणता!"

ती थांबली. कित्येक वर्षांनी तिला हलकं वाटत होतं. चौकटींमधले चेहरे शांत होते. कुणी हनुवटी खाजवत होतं. वही घेतलेली आई मान तिरकी करून पडद्याकडे बघत होती, ऐकू न येणारं माणूस बघतं तशी. सर हसून काहीतरी म्हणत होते, "...नेटवर्कचं काही सांगता येत नाही, पण त्यांच्या यशाबद्दल आपण त्यांचं अभिनंदन करू या," आणि टाळ्या वाजवणाऱ्या हातांची चिन्हं पडद्यावर तरंगत वर गेली. तेव्हा तिला कडेला सरकत गेलेले निरोप दिसले. आवाज येत नाही. मॅडम, आवाज गेला. आवाज नाही. पहिला निरोप चार वाजून सोळा मिनिटांचा. खाली माइकच्या चित्रावर लाल तिरकी रेघ होती आणि शेजारी बारीक अक्षरांत, 'आयोजकांनी तुमचा आवाज बंद केला आहे.' तिनं मनाशी वेळ जुळवली. एक दुरुस्ती करते. त्याच वाक्यावर. त्यापुढचं एक अक्षर पोहोचलं नव्हतं. पोहोचला होता तो फोटो, ती उपाधी, आणि चढ्या आवाजात उत्साहानं बोलणारी, हातवारे करणारी एक गुणी विद्यार्थिनी. त्या आईनं वही मिटली. समाधानानं मिटली.

तिनं बटणावर बटण दाबून बघितलं. रेघ हलेना. मग चौकटीच नाहीशा झाल्या, कार्यक्रम संपला. तिला टेबल उलथून टाकावंसं वाटलं, खिडकी उघडून जे सांगितलं ते सगळं रस्त्यावर पुन्हा ओरडून सांगावंसं वाटलं. रस्त्यावर कोण होतं? एक माणूस शिडी खांद्यावर घेऊन चालला होता. फोन थरथरला, सरांचा निरोप: 'सुंदर. अर्ज पाठव.' त्यांनी ऐकलं होतं, एवढं नक्की. निदान बंद करण्यापुरतं तरी. आणि तरी अर्ज पाठव. म्हणजे आता त्यांच्याकडे तिचं बोलणं होतं, आणि तिच्याकडे त्यांचं गप्प करणं, आणि ह्या देवघेवीला ते सुंदर म्हणत होते. तिनं फोन उलटा ठेवला. मग सरळ केला. 'अर्ज पाठवणार नाही' असं लिहिलं, पाठवलं. बंद करता येईल असं ते दार तिनं आत्ता स्वतःच्या हातानं ओढून घेतलं होतं, बाहेरच्या बाजूनं.

मागे काहीतरी हललं. लोटलेलं दार उघडं होतं आणि दारात भिंगरी उभी होती, एका गालावर उशीच्या सुरकुत्या उमटलेल्या, अनवाणी. केव्हाची उभी होती कोण जाणे. रडत नव्हती. एरवी उठल्या उठल्या घर डोक्यावर घेणारी पोर इतकी गप्प उभी राहिलेली तिनं कधी पाहिली नव्हती.

"उठलीस, राजा? माझ्या आवाजानं उठलीस ना?" तिनं हात पसरले. "ये."

भिंगरी आली, मांडीवर चढली, आईच्या पोटाला पाठ लावून बसली आणि जरा वेळ काळ्या पडलेल्या पडद्यात दोघींची तोंडं बघत राहिली.

"ते पोटातलं मूल म्हणजे मीच ना?"

"हो. तूच."

"मग तू पडलीस तेव्हा मीपण पडले."

"हो गं, सोन्या. पण मी हात धरला होता ना तुझ्यावर."

भिंगरीनं ह्यावर विचार केला. आईचा हात उचलून तिनं आपल्या पोटावर ठेवला, मग काढला, मग मान वर करून उलट्या चेहऱ्यानं आईकडे बघितलं.

"आई, पण मी आत आहे, असं तू त्यांना का नाही सांगितलंस?"